बूस्टर क्लबच्या पैशांचा हिशेब कसा ठेवावा

अमेरिकेतील सरकारी शाळांमध्ये मार्चिंग बँड, फुटबॉल संघ किंवा नाट्यविभागासाठी पालक जो निधी उभारतात, तो बहुधा बूस्टर क्लबमार्फत. हा क्लब शाळेच्या आवारात वावरतो आणि शाळेचे नाव लावतो, तरी सहसा तो कायद्याने स्वतंत्र संस्था असतो. त्यामुळे शाळेचे लेखापरीक्षण झाले म्हणजे क्लबचेही झाले, असे धरून चालत नाही. क्लबचा हिशेब क्लबलाच ठेवावा लागतो.

त्यासाठी क्लबने आयआरएसकडून, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय कर खात्याकडून, स्वतःचा ईआयएन हा संस्थेचा कर-ओळख क्रमांक घ्यावा आणि बँकेतील खाते त्याच क्रमांकावर, क्लबच्याच नावाने उघडावे. शाळेचा क्रमांक किंवा एखाद्या पालकाचे वैयक्तिक खाते ‘तात्पुरते’ म्हणूनही वापरू नये.

रोख रकमेकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. सामन्याच्या वेळी खाद्यपदार्थांच्या स्टॉलवर जमलेले पैसे, एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या दोघांनी जागेवरच मोजावेत. कोणत्या नोटा किती, सुरुवातीला सुट्यांसाठी किती रक्कम दिली होती आणि ती वजा जाता जमा किती झाली, हे छापील तक्त्यावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. बँकेत भरणा केल्याची पावती त्याच तक्त्याला जोडावी. दोन्ही आकडे सेंटपर्यंत जुळले पाहिजेत. गल्ल्यातूनच बर्फाचे किंवा पावाचे पैसे देऊन उरलेली रक्कम भरण्याची सवय पुष्कळ ठिकाणी असते. ती मोडावी, कारण मग खरी विक्री किती झाली हे कधीच कळत नाही.

धनादेशावर दोन सह्यांचा नियम चांगलाच आहे, पण त्यावर विसंबून राहू नये. बँक दुसरी सही तपासेलच असे नाही, आणि डेबिट कार्ड किंवा मोबाइल ॲपवरून पैसे पाठवताना दुसऱ्या सहीचा प्रश्नच येत नाही. माझ्या मते याहून अधिक उपयोगाची गोष्ट अशी की, ज्याला पैसे काढण्याचा अधिकार नाही अशा एका सदस्याने दर महिन्याला बँकेचे विवरण थेट बँकेकडून मिळवून वाचावे आणि खजिनदाराच्या जमाखर्चाशी ताडून पाहावे. खजिनदाराने स्वतः तयार केलेला तक्ता म्हणजे बँकेचे विवरण नव्हे. हा अविश्वास वाटून प्रामाणिक खजिनदार दुखावेल, अशी भीती अनेकांना वाटते; वस्तुतः उद्या कोणी संशय घेतलाच, तर याच पडताळणीमुळे त्याची बाजू भक्कम राहते.

निधी कोणासाठी, हा प्रश्न त्याहून नाजूक आहे. ‘ज्याने जितकी विक्री केली, तितकी रक्कम त्याच्या मुलाच्या सहलीच्या खर्चातून वजा’ ही पद्धत न्याय्य वाटते, परंतु ५०१(सी)(३) या धर्मादाय व शैक्षणिक संस्थांसाठीच्या करकलमाखाली करमुक्त असलेल्या संस्थेला ती महागात पडू शकते. व्हर्जिनियातील कॅपिटल जिम्नॅस्टिक्स बूस्टर क्लबमध्ये पालकांना विक्रीनुसार गुण मिळत आणि त्या प्रमाणात त्यांच्याच मुलांचा खर्च कमी होई. २०१३ मध्ये कर न्यायालयाने हा खासगी लाभ मानून क्लबची करमुक्ती रद्द करण्याचा आयआरएसचा निर्णय कायम ठेवला. म्हणून जमलेला निधी सर्व मुलांसाठी एकत्र वापरावा. आर्थिक अडचणीतील विद्यार्थ्यांना मदत द्यायची असेल, तर तिचा निकष गरज हा असावा, आईवडिलांनी केलेली विक्री नव्हे.

देणगीदारांनाही कागद द्यावा लागतो. एका वेळी २५० डॉलर किंवा अधिक देणाऱ्याला कर-सवलत मागण्यासाठी क्लबची लेखी पोच आवश्यक असते. भोजनासारख्या मोबदल्याच्या बदल्यात ७५ डॉलरपेक्षा जास्त रक्कम घेतली असेल, तर त्या मोबदल्याचे अंदाजे मूल्य क्लबने लेखी कळवावे लागते.

आयआरएसकडे भरायचे वार्षिक विवरणपत्र मात्र सर्रास विसरले जाते. ज्यांची ढोबळ जमा साधारणतः ५०,००० डॉलरपर्यंत असते, अशा क्लबना ९९०-एन हे छोटे ऑनलाइन विवरण पुरते. त्यापुढे मोठा अर्ज लागतो. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या पाचव्या महिन्याची १५ तारीख ही मुदत असते, म्हणजे ३० जूनला वर्ष संपत असेल तर १५ नोव्हेंबर. सलग तीन वर्षे विवरण भरले नाही, तर करमुक्ती आपोआप रद्द होते. हे बहुधा पदाधिकारी बदलताना घडते, म्हणून नव्या खजिनदाराकडे सूत्रे देताना विवरणपत्रांच्या प्रती व ऑनलाइन खात्यांचे पासवर्ड सुपूर्द केल्याची आणि बँकेतील सह्या बदलल्याची नोंद सभेच्या इतिवृत्तात करावी, आणि जुन्या खजिनदाराची सही त्याच आठवड्यात बँकेतून काढून घ्यावी.