ओकचा ओटा: स्कँडिनेव्हियन स्वयंपाकघराचा खरा जीव

स्वीडन-डेन्मार्कमध्ये हिवाळ्यातला दिवस तोकडा. म्हणून तिथे स्वयंपाकघराच्या भिंती पांढऱ्या ठेवतात, खिडकीला जड पडदे लावत नाहीत आणि दिवे २७०० केल्विनचे, उबदार पिवळसर असतात. एवढं सोपं आहे. चुका होतात त्या ओक या कठीण लाकडाच्या ओट्यात.

ओटा जमिनीपासून ९० सेंमी उंच, ६० सेंमी रुंद धरा. आधी १२०, मग १८० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. ओल्या फडक्याने पुसलंत की बारीक तंतू उभे राहतात. वाळल्यावर १८० पुन्हा एकदा. नंतर जवसाच्या तेलाचा पातळ हात. कच्चं तेल वाळायला फार दिवस घेतं, तेव्हा लवकर वाळणारं आणि अन्नाच्या संपर्काला चालणारं घ्या. २० मिनिटांनी उरलेलं तेल पुसाच, नाहीतर ओटा कायम चिकट राहतो. असे तीन हात, मध्ये २४ तास. सिंकसाठी कापलेली कड जास्त तेल पिते. तिथे चौथा हात हवाच, कारण लाकूड तिथूनच पाणी ओढून फुगतं.

ओकमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य असतं, ते ओल्या लोखंडाशी मिळून काळं पडतं. ओला बिडाचा तवा रात्रभर ठेवलात, तर सकाळी काळंभोर वर्तुळ दिसेल.

तेलाच्या चिंध्यांचा बोळा आपोआप पेटू शकतो. पाण्यात भिजवूनच टाका.