उत्तरतालिका न उघडणं ही अनासक्ती नाही

राज्यसेवेची पूर्वपरीक्षा दुसऱ्यांदा हुकली तेव्हा मी वहीत लिहिलं, ‘तृष्णा हेच दुःखाचं मूळ.’ आयोगाची उत्तरतालिका येऊन पडली होती, ती मी उघडलीच नाही. घरी लहानपणापासून बुद्धवंदना ऐकलेली, त्यामुळे धम्माचे शब्द तोंडात होते. गुणांचा मोह नको, असं मैत्रिणींनाही सांगत फिरले. आठ महिने.

नवीन मुलामुलींनो, इथेच पाय घसरतो. इच्छा सोडायची म्हणजे ध्येयच सोडायचं, असं आपण धरून चालतो. कोसंबीच्या घोषिताराम विहारात उण्णाभ नावाच्या ब्राह्मणाने बुद्धांचा शिष्य आनंद याला नेमकं हेच विचारलं होतं, की इच्छेनेच इच्छा कशी सुटेल? आनंद म्हणाला, या विहारात यायची तुला इच्छा होती ना? मग पोचल्यावर ती शमली की नाही? पालीत या इच्छेला ‘छंद’ म्हणतात. चार इद्धिपादांत, म्हणजे साधना सिद्धीला नेणाऱ्या चार आधारांत, पहिला छंद, मग वीर्य म्हणजे प्रयत्न, चित्त आणि शेवटी वीमंसा, म्हणजे तपासून पाहणं. मी तीन धरले आणि चौथ्याला टाळलं.

ही अनासक्ती की नुसती टाळाटाळ, हे ओळखायचं कसं, ते सांगते. उत्तरतालिकेच्या पीडीएफवर बोट नेलं की माझं पोट आवळायचं आणि मी फोन पालथा ठेवायचे. मन खरंच समतेत असतं तर पाहायला अडचण काय होती? शेवटी उघडली. पोट आवळतंय तर आवळू दे, त्याकडे लक्ष ठेवत एकेक प्रश्न तपासला. चुकलेले 34, त्यातले 21 निव्वळ तुक्के. एका चुकीला पाव प्रश्नाचे गुण कापतात, म्हणजे 2 गुणांच्या प्रश्नाला अर्धा. साडेदहा गुण तुक्क्यांनी खाल्ले होते आणि मी हुकले होते 6 गुणांनी. अभ्यास कमी पडला नव्हता. हे आठ महिने आधी कळलं असतं.

परीक्षा तोंडावर आली की मन शांत करायला इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात जायचा सल्ला देणारे भेटतील. दहा दिवसांचं शिबिर जरूर करा, पण निकालानंतर, मोकळ्या वेळी. तिथे वाचन-लेखन बंद असतं, आणि ती साधना आहे, परीक्षेचं टॉनिक नाही. चौदा तास अभ्यासाला बसायला लावणाऱ्या सिनियरांचंही ऐकू नका. साधनेत पाय रक्ताळेपर्यंत चालणाऱ्या सोण नावाच्या भिक्खूला बुद्धांनी वीणेच्या तारा आठवायला सांगितल्या, फार ताणल्या की सूर जातो, सैल सोडल्या तरी जातो. घाबरू नका, दोनदा नापास होऊनही माणूस शाबूत राहतो. मी आज कर सहायक आहे, राज्यसेवा अजून देते.

उत्तरतालिका मात्र आली त्याच दिवशी उघडा. एकट्याने धीर होत नसेल तर कुणाला शेजारी बसवा. माझ्याजवळ मेसवाल्या काकूंची नववीतली मुलगी बसली होती. ती उत्तरं मोठ्याने वाचत होती, मी खुणा करत होते.