एका पानावर पाच ‘मापदंड’

अनुवादाच्या कामाला लागून मला जेमतेम दोन महिने झाले होते. शिष्यवृत्तीच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करून तपासायला दिलं, तर ते पाच लाल गोल घेऊन परत आलं. पाचही गोलांत एकच शब्द, मापदंड. क्रायटेरियाला मापदंड, स्टँडर्डला मापदंड, पॅरामीटर आणि बेंचमार्कलाही तोच. समासात लिहिलं होतं, ‘इतकं काय मोजताय?’

त्यातलं एक वाक्य अजून पाठ आहे: ‘पात्रतेचे मापदंड पूर्ण करणाऱ्या अर्जांची तुलना गुणवत्तेच्या मापदंडांनुसार केली जाईल.’ इथे खरं तर दोन वेगळी कामं आहेत. आधी चाळणी, म्हणजे अर्ज आत की बाहेर एवढंच. मग आत आलेल्यांत कोण वर, कोण खाली. दुरुस्त वाक्य असं होतं: ‘पात्रतेच्या निकषांत बसणाऱ्या अर्जांची गुणवत्तेनुसार क्रमवारी लावली जाईल.’ पहिल्या मापदंडाचा निकष झाला आणि दुसरा शब्द चक्क उडाला. त्याची गरजच नव्हती.

या कामात नवीन असाल तर आधी निकषाशी ओळख करून घ्या, कारण तो सगळ्यात जास्त लागतो. संस्कृतात निकष म्हणजे सोनं घासून पाहण्याचा दगड, आपली कसोटी. काळ्या, गुळगुळीत दगडावर सोनं घासायचं, शेजारी माहीत असलेल्या शुद्धतेच्या सोन्याची रेघ ओढायची, वर आम्ल लावायचं आणि दोन्ही रेघांत काय फरक पडतो ते बघायचं. ‘कसाला उतरणे’ आणि ‘बावनकशी’ यांतला कस तो हाच. म्हणजे निकष आणि कसोटी मुळात एकाच दगडाची नावं. पण वापरात त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. निकष कागदावर आधीच लिहिलेला असतो. कसोटी प्रत्यक्ष प्रसंगात लागते. निकष ठरवतात, लावतात, शिथिल करतात. ‘कसोटी शिथिल केली’ असं कोणी म्हणत नाही. उलट, संयमाची कसोटी लागते, निकष लागत नाही. शंका आली की मी अजूनही शब्दापुढे क्रियापद ठेवून मोठ्यानं म्हणून बघते. कान बहुतेक वेळा बरोबर सांगतो.

व्याकरणाची एक चूक नवख्यांच्या कामात हमखास दिसते. निकष पुल्लिंगी आहे आणि अनेकवचनातही निकषच राहतो: एक निकष, चार निकष. ‘निकषे’ वाचलं की मला दाताखाली खडा आल्यासारखं होतं.

मापदंड म्हणजे मोजायची काठी. किती, कुठपर्यंत, हा प्रश्न असेल तिथे तो शोभतो. त्याचाच भाऊ मानदंड जरा भारदस्त. कालिदासानं हिमालयाला पूर्व-पश्चिम समुद्रांत शिरलेला पृथ्वीचा मानदंड म्हटलं, तेव्हापासून तो शब्द लहानसहान मोजमापाला वापरायला संकोच वाटतो. पॅरामीटरला गणितात प्राचल हा स्वतंत्र शब्द आहे. तिथे मापदंड घुसवू नका.

स्टँडर्डवर मी सगळ्यात जास्त अडखळले. प्रमाणवेळ, प्रमाणभाषा, प्रमाण विचलन इथे प्रमाण. वस्तूंच्या दर्जाचे लिखित नियम असतील तर मानक. आणि ‘त्यांच्या कामाचा स्टँडर्ड’ म्हणायचं असेल तर साधा दर्जा. प्रमाण आणि निकष यांतला फरक मला किलोग्रॅमच्या गोष्टीतून उमगला. 1889 पासून 20 मे 2019 पर्यंत प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल म्हणजेच किलोग्रॅम अशी व्याख्या होती. तो झिजला, तरी व्याख्येनुसार तो एक किलोच. चुकायची ती बाकीची वजनं. निकषाला तुम्ही उतरता किंवा उतरत नाही. प्रमाणाला मात्र कोणी नापास करू शकत नाही, ते बदलावंच लागतं.

बेंचमार्क मी बहुतेकदा तसाच ठेवते. जमिनीची मोजणी करणारे दगडात आडवी खाच कोरत आणि तिच्यात लोखंडी कोन बसवून उंची मोजायची पट्टी त्यावर टेकवत. तो टेकू म्हणजे हा बेंच. आर्थिक मजकुरात ‘आधार’ म्हटलं तरी अनेकदा भागतं.

आणि या सगळ्या जड शब्दांच्या गर्दीत आपण रोज बोलतो तो शब्द विसरतो. ‘वयाच्या मानाने उंच आहे.’ ‘गेल्या वर्षाच्या मानाने काम कमी.’ मान, प्रमाण, परिमाण, उपमान, सगळे ‘मा’ म्हणजे मोजणे या एकाच धातूतून आलेले. (‘पाहुण्यांना मानाने वागवलं’ यातला मान वेगळा, तो ‘मन्’ धातूचा.) मूळ मजकुरात ‘च्या स्टँडर्डनुसार’ सारखं काही दिसलं की आधी ‘च्या मानाने’ लावून बघा. निम्म्या वेळा वाक्य तिथेच सुटतं.

राहिलं डबल स्टँडर्ड. ‘दुहेरी मापदंड’ आता वर्तमानपत्रांत रुळलाय, चुकीचाही नाही. पण परवा एका संवादात रागावलेल्या आजीच्या तोंडी तो आला, तेव्हा मी तो खोडून लिहिलं, ‘त्याला एक न्याय आणि मला दुसरा?’ तपासनिसांनी यावेळी काही गोल केला नाही.