नक्की कुठे अडलंय ते कसं शोधायचं: हुशारी, मेहनत, संधी की घरची घडण?

काही जमलं नाही की बहुतेक लोक एकच सांगतात, मेहनत कमी पडली. मग माणूस अजून दोन तास वाढवतो, झोप कमी करतो, आणि तरी गाडी तिथेच. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण कितीतरी वेळा मेहनत पुरेशी असते, अडलेलं असतं दुसरीकडेच. म्हणून आधी शोधायचं, मग घाम गाळायचा.

एक वही घ्या आणि एकच गोष्ट निवडा. "मला यशस्वी व्हायचंय" असलं काही नको. ठरलेली परीक्षा, ठरलेली नोकरी, एखादं वाद्य, असं नेमकं लिहा.

हुशारीचा प्रश्न पटकन उरकून टाकू. १९२१ मध्ये अमेरिकेत टर्मन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी बुद्ध्यांक मोजून दीड हजाराच्या आसपास मुलं निवडली आणि पुढे त्यांच्या आयुष्यावर लक्ष ठेवलं. त्या चाचणीतून शॉकली आणि अल्वारेझ ही दोन मुलं निवडली गेली नाहीत, आणि पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल त्या दोघांनाच मिळालं, एकाला १९५६ मध्ये, दुसऱ्याला १९६८ मध्ये. निवडलेल्यांपैकी कुणालाच नाही. बुद्धीने फरक पडतो, शिकायचा वेग बदलतो, पण "माझं डोकंच नाही" हे लिहायच्या आधी शिकवणारा बदलून बघा, पुस्तक बदलून बघा, मागच्या इयत्तेचा कच्चा राहिलेला भाग पक्का करून बघा. एवढं करून महिन्याभरात थोडंही पुढे सरकलात तर अडचण डोक्याची नव्हती.

आता मेहनत. आठवडाभर खरे तास मोजा, पण दोन रकान्यांत. एकात नुसतं वाचणं, ऐकणं, परत परत तेच करणं. दुसऱ्यात असा सराव ज्यात चूक झाली आणि ती चूक कळली. मी एका परीक्षेसाठी रोज दहा तास बसायचो आणि जेव्हा मोजलं तेव्हा दुसऱ्या रकान्यात अख्ख्या आठवड्याचे तीन तास निघाले, बाकी सगळं अधोरेखित करत बसणं. तास न वाढवता ते तीनाचे पंधरा केले, रोज वेळ लावून पेपर सोडवायचा आणि चुका वेगळ्या लिहायच्या, तेव्हा मार्क हलायला लागले. आणि सरावाने सगळं होतं असंही धरून चालू नका. २०१४ मध्ये ८८ अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा माणसामाणसांच्या कामगिरीत जो फरक असतो त्यातला बुद्धिबळासारख्या खेळांत साधारण २६ टक्के, संगीतात २१, मैदानी खेळांत १८ आणि शिक्षणात जेमतेम ४ टक्के भाग सरावाशी जोडता आला. म्हणजे सराव सोडायचा असं नाही, पण उरलेलं कुठून येतं तेही बघायला हवं.

त्यात संधी येते, आणि इथेच लोक सगळ्यात कमी बघतात. वहीत लिहा: गेल्या सहा महिन्यांत मी किती ठिकाणी अर्ज केला, किती अनोळखी लोकांना काम दाखवलं, किती वेळा सरळ विचारलं? बऱ्याच जणांचा आकडा दोन-तीनच निघतो आणि तेवढ्यावर नशिबाला बोल लावलेला असतो. रामानुजन मद्रासमध्ये कारकून होते, त्यांनी केंब्रिजच्या दोन गणितज्ञांना लिहिलं, काही उपयोग झाला नाही, मग जानेवारी १९१३ मध्ये तिथल्याच हार्डी या गणितज्ञांना लिहिलं आणि तिथून चक्र फिरलं. बुद्धी तीच, गणित तेच, फक्त पत्र वाचणारा बदलला. अजून एक, जवळच्या मित्रांपेक्षा लांबच्या ओळखी जास्त कामाला येतात. ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये छापलेल्या अभ्यासात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त १७ टक्क्यांच्या आसपास लोक त्या ओळखीच्या माणसाला वारंवार भेटणारे होते, बाकीच्यांची गाठभेट कधीमधीच. जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच ना. म्हणून दर आठवड्याला एका लांबच्या ओळखीच्या माणसाला मेसेज करा, काय हवंय ते दोन ओळींत स्पष्ट लिहून.

घरची घडण सगळ्यात अवघड, कारण ती दिसत नाही. घरात पैसे नसणं हा तिचा एक भाग आहे, आणि तो खरा आहे, "इच्छा असेल तर होतं" म्हणून तो उडवून लावू नये. पण दुसरा भाग म्हणजे डोक्यात बसलेली वाक्यं. मोठ्यांना प्रश्न विचारायचे नाहीत, आपल्यासारख्यांनी तिकडे जायचं नाही, चुकलं तर लोक हसतील. अर्ज करताना हात थांबतो तेव्हा मनात कुठलं वाक्य आलं ते त्याच क्षणी वहीत लिहा आणि अर्ज मात्र पाठवाच. स्वतःला मुलं असतील तर "किती हुशार आहेस" ऐवजी "ही रीत कशी शोधलीस?" असं विचारा. १९९८ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात हुशारीचं कौतुक ऐकलेली मुलं अवघड कोडी आल्यावर लवकर खचली, मेहनतीचं कौतुक ऐकलेली टिकून राहिली.

चारही बाजू लिहून झाल्या की सगळ्यात रिकामी कुठली ते बघा, आणि पुढचे तीन महिने फक्त तिच्यावर काम करा, बाकीच्या आहेत तशा चालू द्या. तीन महिन्यांनी नवीन पान घेऊन हेच परत लिहा, कारण तोवर अडायची जागा बहुतेक बदललेली असते.