सिस्टीम फाइल उडाली? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

माझे मिरजेचे मामा घरीच लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, मंडळांचे अहवाल असं कंपोझिंगचं काम करतात. ऐन लग्नसराईत त्यांचा फोन आला. "अगं, सी ड्राइव्ह लाल झाला होता म्हणून थोडी जागा केली. आता कोरल उघडेना, वर्डही उघडेना. बंद करून चालू करून बघू का?"

"मामा, काहीही झालं तरी बंद करू नका. तसाच चालू ठेवा, मी येते."

घरगुती कॉम्प्युटर दुरुस्त करता करता माझ्या एक गोष्ट पक्की लक्षात आली आहे. विंडोजची स्वतःची, म्हणजे सिस्टीमची, उडालेली फाइल लाखो मशीनवर जशीच्या तशी असते, मायक्रोसॉफ्टकडे असते, आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर मावते. ती परत आणता येते. तुमच्या मुलीच्या बारशाचे फोटो मात्र फक्त तुमच्याच डिस्कवर असतात. तरीही घाबरलेला माणूस आधी विंडोज वाचवायला धावतो आणि त्या धावपळीत फोटो घालवतो. खालच्या बहुतेक चुका या उलट्या क्रमातून होतात.

पहिली चूक: "रिस्टार्ट करून बघू"

फाइल उडाल्यावरही मशीन चालू असेल तर ती तुमची सर्वांत चांगली वेळ आहे. चालू विंडोजने लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी आधीच मेमरीत घेतलेल्या असतात, म्हणून ते तग धरून असतं. एकदा बंद केलंत की पुढच्या वेळी ती फाइल शोधली जाईल, सापडणार नाही आणि एररचा स्क्रीन येईल.

अशा वेळी आधी रिसायकल बिन उघडा. फाइल तिथे असेल तर रिस्टोअर करा, काम संपलं. शिफ्ट दाबून डिलीट केली असेल तर ती तिथे नसेल. मग बाहेरची हार्डडिस्क लावा आणि डेटा कॉपी करायला घ्या. कॉपी चालू असताना उडालेल्या फाइलचं नाव आणि फोल्डर कागदावर लिहा, एरर आला असेल तर मोबाइलवर फोटो काढा. डीएलएल म्हणजे प्रोग्रामना लागणारी सामायिक फाइल, अशा फायली शेकड्यांनी असतात. "काहीतरी डीएलएल होतं" एवढ्यावर दुरुस्ती करणाऱ्याला काही करता येत नाही.

डेटा बाहेर पडला की सिस्टीम रिस्टोअर, म्हणजे विंडोजला आधीच्या स्थितीत नेणारी सोय, बघा. जुना रिस्टोअर पॉइंट, म्हणजे त्या आधीच्या स्थितीची नोंद, असेल तर बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं, आणि त्याने तुमच्या फोटो-डॉक्युमेंट्सना धक्का लागत नाही. मात्र पुष्कळ मशीनवर ही सोय बंदच असते. आणि तुम्ही काहीच डिलीट केलेलं नसेल, तर विंडोज सिक्युरिटीमधली प्रोटेक्शन हिस्टरी जरूर पाहा. कधीकधी अँटीव्हायरसनेच फाइल बाजूला काढून ठेवलेली असते.

दुसरी चूक: डीएलएल फुकट देणाऱ्या साइटवरून फाइल आणणं

"अमुक डीएलएल सापडत नाही" असा संदेश आला की माणूस ते नाव गुगलवर टाकतो. पहिल्या पानावरच डाउनलोडचं हिरवं बटण मिळतं. ते दाबू नका. फाइल कुठून आली, कोणत्या आवृत्तीची आहे, आत आणखी काय भरलंय, हे कळायला काहीच मार्ग नसतो. शिवाय ती तुम्ही अ‍ॅडमिन म्हणून, विंडोजच्या गाभ्यात, स्वतःच्या हाताने ठेवणार असता. चोराला किल्ली द्यायची तर याहून सोपी रीत नाही.

फाइल प्रामाणिक असली तरी ती चुकीच्या जागी जाण्याची शक्यता मोठी. ६४ बिट विंडोजमध्ये सिस्टीम ३२ नावाच्या फोल्डरमध्ये ६४ बिट फायली असतात आणि सिसवाव ६४ नावाच्या फोल्डरमध्ये ३२ बिट. नावं उलटी वाटतात, पण व्यवस्था तशीच आहे. जुन्या प्रोग्रामना ठरलेल्या नावाचं फोल्डर मिळावं म्हणून सिस्टीम ३२ हे नाव तसंच ठेवलं गेलं. हे माहीत नसल्याने लोक ३२ बिटची फाइल सिस्टीम ३२ मध्ये टाकतात आणि आधी एक प्रोग्राम बंद होता तिथे दहा बंद पडतात. सिसवाव ६४ हे "डुप्लिकेट" समजून उडवणारेही मी पाहिलेत.

कुणीतरी सांगितलं म्हणून फाइल उडवणं हेही काही नवीन नाही. २००१ मध्ये एक ईमेल जगभर फिरला, त्यात एसयूएलएफएनबीके नावाची फाइल व्हायरस आहे, ताबडतोब उडवा, असं लिहिलं होतं. ती विंडोजचीच साधी फाइल होती, लांब नावांचा बॅकअप ठेवणारी. पुढच्याच वर्षी तसाच ईमेल जेडीबीजीएमजीआर या फाइलबद्दल आला. तिचं चित्र टेडी अस्वलाचं असल्याने लोकांना ती खरंच संशयास्पद वाटली. आता तेच काम व्हॉट्सअ‍ॅपवरचे फॉरवर्ड आणि "पीसी सुपरफास्ट करा" छापाचे व्हिडिओ करतात.

मामांनीही असाच व्हिडिओ पाहिला होता. त्यात विनएसएक्सएस हे फोल्डर "कचरा" म्हणून दाखवलं होतं. विंडोजने उडवू दिलं नाही, तेव्हा फोल्डरची मालकी ट्रस्टेड इन्स्टॉलर या विंडोजच्या आतल्या खात्याकडून स्वतःच्या नावावर कशी करायची तेही त्यातच होतं. मामांनी ते सगळं मन लावून केलं. फोल्डर ११ जीबीचं दिसत होतं, पण अर्धंअधिक उडवूनही जागा फारशी वाढली नाही. याचं कारण असं की विनएसएक्सएसमधल्या बऱ्याच फायली आणि सिस्टीम ३२ मधल्या फायली या डिस्कवर एकच असतात, फक्त दोन ठिकाणी दोन नावांनी दिसतात. एक नाव पुसलं तरी फाइल दुसऱ्या नावाने जागा धरून राहते. जागा मिळाली नाही ती नाहीच, आणि विंडोज स्वतःची दुरुस्ती ज्या कोठारातून करतं ते कोठार, म्हणजे हेच फोल्डर, मात्र रिकामं झालं.

विंडोज "परवानगी नाही" म्हणतं तेव्हा ते अडवणूक करत नसतं. मालकी बदलून डिलीट करायची वेळ आली की तिथेच थांबा.

तिसरी चूक: "फॉरमॅट मारून टाका"

मला सर्वांत जास्त वाईट वाटतं ते इथे. मशीन दुकानात जातं, दुकानदार विचारतो, "डेटा पाहिजे का?" आपण म्हणतो, "हो, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स." तो तेवढंच घेतो. घरी आल्यावर कळतं की टॅलीचा डेटा वेगळ्याच फोल्डरमध्ये होता, ब्राउझरमधले पासवर्ड गेले, आउटलुकचे मेल गेले.

मराठीत काम करणाऱ्यांची तर आणखी एक गोष्ट जाते, ती म्हणजे फॉन्ट. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या मशीनवर मराठी सारखंच दिसण्याच्या पद्धतीच्या, आधीचे मराठी फॉन्ट, म्हणजे श्रीलिपीचे किंवा सुरेखसारखे, मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवतात. फॉन्ट मशीनवर आहे तोवर पत्रिका वाचता येते. फॉन्ट गेला की तीच फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. हे फॉन्ट सहसा विंडोजच्या आतल्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये असतात आणि फॉरमॅटमध्ये विंडोजबरोबरच पुसले जातात. मामांकडे वीस वर्षांचे अहवाल अशा फॉन्टमध्ये होते. म्हणून मी गेल्या गेल्या सगळ्यात आधी फॉन्ट्सचं अख्खं फोल्डर बाहेर काढलं, मग कोरल आणि पेजमेकर या मांडणीच्या सॉफ्टवेअरच्या फायली आणि शेवटी फोटो.

मशीन सुरूच होत नसेल तरी डेटा काढता येतो. विंडोज सुरू होताना पॉवर बटण दाबून धरून दोन-तीनदा बंद केलं की पुढच्या वेळी ते दुरुस्तीच्या निळ्या स्क्रीनवर जातं. एरवी असं बंद करू नये, पण इथे दुसरा इलाज नसतो. तिथे ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग कमांड प्रॉम्प्ट. त्या काळ्या खिडकीत इंग्रजीत नोटपॅड लिहून एंटर दाबा. नोटपॅड उघडलं की फाइल मेनूतून ओपन घ्या आणि खाली "टेक्स्ट" ऐवजी "ऑल फाइल्स" निवडा. ही ओपनची खिडकी म्हणजे छोटा एक्सप्लोररच आहे. फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी करा, पेनड्राइव्हवर जाऊन पेस्ट करा. इथे प्रगतीची पट्टी दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते, म्हणून एकेक फोल्डर घ्या आणि धीर धरा. ड्राइव्हची अक्षरंही इथे बदललेली असू शकतात. तुमचा नेहमीचा सी इथे डी म्हणून दिसला तर गोंधळू नका, आत यूझर्स आणि विंडोज ही फोल्डर कुठे आहेत ते बघा.

फॉरमॅट करावाच लागला तर मूळ लायसन्सची काळजी नको. हल्लीच्या मशीनवर ते मदरबोर्डाशी जोडलेलं असतं आणि तीच आवृत्ती (होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो) टाकली की इंटरनेटवर आपोआप चालू होतं. कुणी "अ‍ॅक्टिव्हेटर", म्हणजे लायसन्सशिवाय विंडोज चालू करणारं सॉफ्टवेअर, टाकू लागला तर स्पष्ट नाही म्हणा.

बिटलॉकरची किल्ली न शोधता आत शिरणं

नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क बऱ्याचदा बिटलॉकर या विंडोजच्या सोयीने आपोआप कुलूपबंद होते. रोजच्या वापरात हे कळतही नाही. दुरुस्तीच्या स्क्रीनवर गेलात की ते ४८ अंकी किल्ली मागतं. ज्या अकाउंटने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला, त्या अकाउंटवर ती ठेवलेली असते. आपल्याकडे लॅपटॉप मुलगा सुट्टीत आला असताना सुरू करून देतो आणि परत अमेरिकेला जातो. तेव्हा आधी त्याला फोन करा आणि किल्ली लिहून घ्या. किल्ली नसेल तर त्या डिस्कवरचा डेटा कुणीही उघडू शकत नाही, कितीही पैसे दिले तरी.

एसएफसी चालवलं, पण उलट्या क्रमाने

विंडोजमध्ये एसएफसी नावाचा तपासनीस आहे. तो प्रत्येक सिस्टीम फाइल कोठारातल्या प्रतीशी ताडून बघतो आणि बिघडलेली बदलतो. पण कोठारच खराब असेल तर तो कशाशी ताडणार? म्हणून आधी डीआयएसएम ही विंडोजमधलीच दुसरी कमांड, त्यातला रिस्टोअर हेल्थ हा पर्याय, आणि मग एसएफसी. डीआयएसएम कोठार दुरुस्त करतं आणि त्यासाठी चांगल्या फायली विंडोज अपडेटवरून आणतं, म्हणून इंटरनेट चालू हवं. ते मध्येच एखाद्या आकड्यावर बराच वेळ थांबल्यासारखं दिसतं. तेव्हा खिडकी बंद करू नका. दोन्ही कमांड अ‍ॅडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्येच चालतात.

दुरुस्तीच्या निळ्या स्क्रीनवरून एसएफसी नुसतं चालवूनही उपयोग नाही. तिथे एक्स नावाचा तात्पुरता ड्राइव्ह चालू असतो. खरं विंडोज कोणत्या ड्राइव्हवर आहे ते ऑफबूटडिर आणि ऑफविनडिर या दोन पर्यायांनी सांगावं लागतं.

एवढं करूनही जमलं नाही आणि डेस्कटॉप अजून उघडत असेल, तर विंडोजची आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या विंडोजचा सेटअप असलेली एकच फाइल, उतरवून चालू विंडोजच्या आतूनच सेटअप चालवा. फायली आणि प्रोग्राम दोन्ही राखून विंडोज नव्याने बसतं. अट अशी की तीच आवृत्ती आणि तीच भाषा हवी. इंग्लिश युनायटेड स्टेट्सच्या जागी इंग्लिश इंटरनॅशनल घेतलंत तर प्रोग्राम राखण्याचा पर्याय मिळत नाही. सेटअप पेनड्राइव्हवरून बूट केलं तरीही मिळत नाही. आणि पेनड्राइव्ह बनवताना त्यावरचं सगळं पुसलं जातं, हे आधीच लक्षात घ्या.

जुना लेख वाचून कमांड टाकणं

यातली एक चूक फार महाग पडते. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंगची वही, बिघडली की रेगबॅक फोल्डरमधल्या प्रती मूळ जागी टाका, असा सल्ला आजही सापडतो. विंडोज ७ च्या काळात तो बरोबर होता. विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून विंडोज तिथे आपोआप बॅकअप घेत नाही. फायली दिसतात, पण त्यांचा आकार शून्य असतो. त्या मूळ रजिस्ट्रीवर टाकल्या तर उरलंसुरलं मशीनही जातं. डिस्कपार्ट या डिस्कचे भाग पाडणाऱ्या साधनातली क्लीन ही कमांड तर कुणी कितीही खात्रीने सांगितली तरी टाकू नका, ती अख्ख्या डिस्कचे भाग पुसते.

डिलीट झालेली स्वतःची फाइल परत मिळवणारं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकणं हीसुद्धा नेहमीची चूक. नवीन सॉफ्टवेअर नेमकं त्या फाइलच्या जागेवर लिहिलं जाऊ शकतं. जुन्या हार्डडिस्कवर, दुसऱ्या मशीनला जोडून, ती मिळण्याची आशा असते. एसएसडीवर रिकाम्या झालेल्या जागा डिस्क स्वतःच साफ करते, तिथे आशा फार थोडी. आणि हार्डडिस्क टकटक आवाज करत असेल तर चेकडिस्क ही डिस्क तपासणारी कमांड चालवून तिला दमवू नका. फाइल कुणी उडवलेली नसून डिस्कच मरायला टेकलेली असू शकते. तेव्हा फक्त डेटा काढा.

मामांच्या मशीनवर डीआयएसएम चाललं नाही, एसएफसीला काही दुरुस्त करता आलं नाही, सेटअपही उघडला नाही. कोठारच गेल्यावर दुसरं काय होणार? विंडोज नव्याने टाकलं, फॉन्ट परत बसवले आणि पहिली फाइल उघडली ती एका जुन्या वास्तुशांतीच्या निमंत्रणाची. श्रीगणेशायपासून सगळं जागच्या जागी होतं. मामा खुर्ची ओढून बराच वेळ बघत बसले.

सी ड्राइव्ह लाल का झाला होता तेही मग शोधलं. १२० जीबीच्या एसएसडीवर डाउनलोड्समध्ये गिऱ्हाइकांनी पाठवलेले तीस जीबी फोटो आणि व्हिडिओ साठले होते. ते जुन्या हार्डडिस्कवर हलवले. हायबरनेशन, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून मशीन बंद करण्याची सोय, बंद केलं, तशी तीनेक जीबी आणखी मोकळी झाली. जुन्या अपडेटचा साठा डिस्क क्लीनअपमधून काढायचा, विनएसएक्सएसमध्ये हात घालून नाही, हे मामांनी स्वतःच मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर लिहून चिकटवलं.