एकदल की द्विदल? बी ओळखताना या चुका टाळा

दाण्याचे दोन भाग झाले तर द्विदल, नाही झाले तर एकदल. शाळेत शिकलेली ही खूण सोपी असल्यामुळे जन्मभर लक्षात राहते. बहुतेक चुकांची सुरुवातही तिथेच होते.

धणे घ्या. तळहातावर रगडले की एकेका धण्याच्या दोन फाकी होतात आणि मुलं वहीत लिहून मोकळी होतात, ‘दोन दलं, म्हणून द्विदल’. उत्तर बरोबर, पण कारण साफ चुकीचं. धणा हे कोथिंबिरीचं फळ आहे आणि त्याच्या प्रत्येक फाकीत एक स्वतंत्र बी असतं. म्हणून तर पेरण्याआधी धणे रगडून घेतात आणि दोन्ही फाकींतून रोप येतं. हरभऱ्याचं तसं नाही. हरभऱ्याची डाळ पेरून रोप येत नाही, कारण भरडताना अंकुर तुटून जातो. रात्रभर भिजवलेला हरभरा हलक्या हाताने उघडा. टोकाशी चोचीसारखा अंकुर दिसेल आणि त्याला जोडलेल्या दोन जाड डाळी दिसतील. त्या डाळी म्हणजे बीजपत्रं. बी फुटतं का, हा प्रश्नच नाही. अंकुराला किती बीजपत्रं जोडलेली आहेत, ते मोजायचं: एक असेल तर एकदल, दोन असतील तर द्विदल.

आता उलटी फसगत. एरंडीचं बी सोललं की आत पांढरा तेलकट गर लागतो, डाळ काही दिसत नाही. लगेच ‘एकदल’ असा शिक्का बसतो. पण तो गर भ्रूणपोष आहे, म्हणजे रोपासाठी साठवलेलं अन्न. बी चपट्या बाजूने अलगद उकललं तर मधोमध कागदासारखी पातळ, शिरा दिसणारी दोन बीजपत्रं सापडतात. एरंड द्विदलच. मात्र एरंडीचं बी विषारी असतं. ते मोठ्यांनीच कापून दाखवावं आणि नंतर हात, पातं, पाट सगळं धुवावं.

मका कापताना वेगळी अडचण येते, आतलं सगळंच पांढरं किंवा पिवळं दिसतं. भिजवलेला दाणा उभा कापून त्यावर आयोडीनचा थेंब टाका. पिठूळ भाग निळा-काळा होतो आणि अंकुराचा भाग फिकटच राहतो. त्या फिकट भागातली ढालीसारखी चकती म्हणजे मक्याचं एकुलतं एक बीजपत्र. ते जमिनीवर कधी येत नाही, दाण्यातच राहून भ्रूणपोषातलं अन्न कोवळ्या रोपाला पोचवतं. कोंब आलेला नारळ फोडल्यावर आत जो गोड, मऊ गोळा मिळतो आणि ज्याच्यासाठी घरातली मुलं भांडतात, तोही नारळाच्या एकमेव बीजपत्राचाच वाढलेला भाग. एकदल बी समजावून सांगायला याच्याइतकं चविष्ट उदाहरण मला माहीत नाही.

प्रयोग फसला तर

बी उगवलंच नाही, तर आधी काय पेरलं ते पाहा. तांदूळ उगवत नाही, कारण भात सडताना, म्हणजे कांडताना, त्याचा अंकुर निघून जातो. साळ, म्हणजे टरफलासकट भात, हवा. भाजलेले फुटाणे किंवा शेंगदाणेही चालत नाहीत. बी कुजलं असेल तर बहुधा पाणी जास्त झालं आहे. रात्रभर भिजवून पाणी काढून टाका आणि ओल्या फडक्यात बांधून ठेवा. बियाण्याच्या दुकानातला गुलाबी-लाल मका मुलांच्या हातात देऊ नका, त्यावर औषध चोळलेलं असतं.

आणखी एक तक्रार हमखास येते, ‘हरभरा उगवला, पण दोन जाड पानं काही दिसली नाहीत’. ती दिसणारच नाहीत. हरभरा, वाटाणा आणि तूर यांची बीजपत्रं मातीतच राहतात. मूग, चवळी, घेवडा यांची मात्र वर येतात. कुंडीत ती दोन दलं दाखवायची असतील, तर चवळी पेरा.

पान, खोड, मूळ

एकदलाच्या पानात शिरा समांतर आणि द्विदलाच्या पानात जाळीसारख्या, ही दुसरी शालेय खूण. केळीच्या पानाला मधली जाड शीर असते म्हणून तिला द्विदल ठरवणारे पुष्कळ भेटतात. त्या शिरेपासून कडेकडे जाणाऱ्या बारीक शिरा पाहा, त्या एकमेकींना समांतर आहेत. केळीचं पान वाऱ्याने फाटतं तेही त्याच रेघांवर. हळद, आलं, कर्दळ यांचंही तसंच. अळू आणि कोनफळ मात्र चांगलेच फसवतात. पानांवर जाळीसारख्या शिरा असूनही दोन्ही एकदल आहेत. म्हणून नुसत्या पानावरून निकाल देऊ नये.

उंच झाड म्हणजे द्विदल, हाही गैरसमजच. नारळ, सुपारी, ताड एकदल आहेत आणि बांबू तर गवतच. नारळावर चढण्यासाठी पाडलेल्या खाचा वर्षानुवर्षं तशाच राहतात, कारण आंब्याच्या खोडात साल आणि लाकूड यांच्यामध्ये वाढणारा जो थर असतो, तो नारळात नाही. कोकणात आंब्याचं कलम बांधतात, नारळाचं रोप मात्र नारळापासूनच करावं लागतं, त्याचं कारणही हेच.

द्विदलाला सोटमूळ, म्हणजे एक मुख्य जाड मूळ, आणि एकदलाला तंतुमुळं, अशीही खूण सांगतात. पण मूळ तपासायचं तर बियांपासून वाढलेलं रोप घ्या. फांदी लावून केलेली जास्वंद द्विदल असूनही तिला सोटमूळ नसतं.

सीताफळ, मिरी, नागवेल आणि सोनचाफा यांना बीजपत्रं दोन असतात, पण आजचे वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांना इतर द्विदलांपासून वेगळ्या गटात ठेवतात. एकदलांच्या फुलांत पाकळ्या बहुधा तीनच्या पटीत असतात, पण सीताफळाच्या फुलाच्या तीन मोठ्या पाकळ्या पाहून ते एकदल ठरवू नका.

शेतातली चूक

इथे चूक झाली तर गुण जात नाहीत, पीक जातं. टू-फोर-डी हे तणनाशक ऊस, गहू, मका अशा एकदल पिकांतली रुंद पानांची तणं मारण्यासाठी वापरतात. कापूस आणि द्राक्ष द्विदल आहेत आणि या औषधाला फार नाजूक. शेजारच्या उसावर फवारताना वाऱ्याने उडालेले तुषारही पुरेसे होतात. मग कापसाची नवी पानं अरुंद, पंजासारखी येतात आणि त्यांच्या शिरा चक्क समांतर दिसतात. रोग समजून त्यावर बुरशीनाशक फवारण्यात पैसे घालवू नका. आधी आसपास कुणी काय फवारलं, आपला पंप मागे कशाला वापरला होता, ते विचारा.

लव्हाळा या तणाच्या बाबतीतही असंच फसायला होतं. तो एकदल आहे, पण गवत नाही. दांडा बोटांत फिरवून पाहा, लव्हाळ्याचा तिकोनी लागतो. सोयाबीनमधल्या गवतांवर मारायच्या औषधांना तो दाद देत नाही, त्यामुळे दुकानात ‘गवत झालंय’ एवढंच सांगू नका, उपटलेलं तण सोबत न्या. आणि टू-फोर-डीसाठी पंप वेगळाच ठेवा. धुतलेल्या पंपात उरलेला अंशही कापसाला पुरतो.