पॉलिनॉमियल सोडवणारा प्रोग्राम तपासायला बसण्याआधी

इंजिनिअरिंगच्या लॅब एक्झामचं टाईमटेबल लागलं की पहिल्यांदाच एक्झामिनर म्हणून नाव आलेली नवी सर-मॅडम मंडळी विचारतात, काय काय तयारी करून जाऊ. बेळगाव-खानापूरकडं बहुतेक ठिकाणी चित्र सारखंच असतंय म्हणून एकदाच लिहून टाकतो. पोरांनी पॉलिनॉमियलची (बहुपदीची) मुळं काढणारा प्रोग्राम लिहिलेला असतो. त्याचा कोड वाचायची तयारी नंतर करा, आधी समीकरणं तयार करून न्या, उत्तरं आपल्याला आधीच माहीत असलेली, आणि ती आदल्या रात्रीच कागदावर लिहून ठेवा. तिथं गेल्यावर सुचत नाही, एक्स्टर्नल (बाहेरच्या कॉलेजचे परीक्षक) शेजारी बसलेले असतात, पोरं रांगेत उभी असतात आणि मागनं कोणतरी "आउटपुट बंतु सर" (आउटपुट आलं सर) म्हणून ओरडत असतंय.

मॅन्युअलमधलं उदाहरण अजिबात घेऊ नका. १, −५, ६ (म्हणजे x² − ५x + ६ = ० चे कोएफिशियंट, एक्सच्या मागचे आकडे) टाकलं की २ आणि ३ येतंय हे सगळ्या बॅचला पाठ आहे, व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीच्या) पहिल्या वर्षाच्या सी लॅबमध्ये वर्गसमीकरणाचा प्रोग्राम कितीतरी जणांनी केलाय, त्या उदाहरणावर प्रोग्राम चालला यावरनं काहीच कळत नाही. समीकरण उलटं बनवायचं, म्हणजे आधी मुळं ठरवायची आणि कंस गुणून कोएफिशियंट काढायचे. समजा मुळं २, ३ आणि −५ घेतली तर कोएफिशियंट येतात १, ०, −१९, ३०. हे मला आवडतं कारण मधली टर्म शून्य आहे, आणि "नसलेल्या टर्मसाठी शून्य टाका" असं ज्या प्रोग्रामनं युजरला सांगितलेलंच नाही तिथं पोरगं स्वतःच तीनच आकडे टाकून गप बसतंय. घात तीन असला तरी कोएफिशियंट चार लागतात, ॲरे (आकडे साठवायची रांग) तीनचाच घेतलाय का तेही इथंच दिसतंय, कधी उत्तर चुकतंय, कधी सेगमेंटेशन फॉल्ट (प्रोग्राम मध्येच कोसळतो), आणि कधी नशिबानं बरोबर पण येतंय, तेव्हा डिक्लेरेशनच्या ओळीकडं एक नजर टाकाच.

सुरुवातीला सोप्या घाणेरड्या केसेस उरकून घ्या. पहिला कोएफिशियंट शून्य (मग ते वर्गसमीकरणच नाही, पण भागाकार शून्यानं होतोय), सगळेच शून्य, आकड्याच्या जागी अक्षर, डिस्क्रिमिनंट (b² − ४ac) निगेटिव्ह. १, २, ५ दिलं तर −१ अधिक-वजा २आय (आय म्हणजे −१ चं वर्गमूळ) यायला पाहिजे, स्क्रीनवर नॅन (म्हणजे "आकडा नाही") दिसलं तर निगेटिव्ह आकड्याचं वर्गमूळ तसंच काढलंय. यावर जास्त वेळ घालवू नका.

वेळ घालवायचा तो पुढच्या गोष्टीवर. १, −०.२, ०.०१ हे तीन आकडे कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. हातानं केलं तर ०.१ हे दुहेरी मूळ आहे, डिस्क्रिमिनंट बरोबर शून्य. पण डबलमध्ये (साधारण सोळा अंकच ठेवणाऱ्या दशांश प्रकारात) ०.२ गुणिले ०.२ हे नेमकं ०.०४ येत नाही, शेपटाला किंचित जास्त येतंय, त्यामुळं डिस्क्रिमिनंट शून्याऐवजी साधारण ७ भागिले दहाचा अठरावा घात एवढा उरतो, आणि ज्यानं "डी बरोबर शून्य असेल तर" अशी अट लिहिलीय त्याचा प्रोग्राम सांगतो की मुळं वेगवेगळी आहेत, आणि खाली छापतो ०.१००००० आणि ०.१०००००. दोन्ही एकच की ओ! पोरगंपण बघतंय आणि गोंधळतंय. इथं त्याला दशांशापुढं पंधरा घरं छापायला लावा, मग ०.१०००००००१३ आणि ०.०९९९९९९९८७ असं काहीतरी दिसेल. त्याला कारण सांगता आलं तर माझ्या मते पुढचा निम्मा व्हायवा (तोंडी परीक्षा) झाल्यात जमा धरा. साधं प्रिंट केलं की सहाच घरं छापतंय आणि त्यात सगळी पापं झाकली जातात, म्हणून जास्त घरं छापायचं आधीच सगळ्या बॅचला सांगून ठेवलं तर बरं.

त्याच जातीचं दुसरं: १, उणे दहा कोटी, १. एक मूळ जवळजवळ दहा कोटी आणि दुसरं ०.००००००0१ एवढं बारकं. पुस्तकातला फॉर्म्युला जसाच्या तसा टाकला तर बारकं मूळ ०.०००००००0७४५ येतंय, म्हणजे पंचवीस टक्के चूक, आणि कुठलीही एरर नाही. कारण दोन जवळजवळ सारखे आकडे वजा झाले आणि कामाचे अंक गेले. मोठं मूळ आधी काढायचं आणि बारकं मूळ शेवटच्या कोएफिशियंटला त्यानं भागून काढायचं, पहिला कोएफिशियंट १ असेल तर. पहिल्या वर्षाच्या पोरांचे यावर मार्क कापू नका, पण प्रोजेक्ट म्हणून "पॉलिनॉमियल सॉल्व्हर" असं नाव दिलं असेल तर विचारायलाच पाहिजे.

न्यूटन-रॅफसन (एका अंदाजापासून फेऱ्या मारत मुळाजवळ जायची पद्धत) वापरलं असेल तर दोन समीकरणं न्या. पहिलं १, ०, −२, −५, न्यूटननं स्वतः हेच उदाहरण घेतलं होतं, उत्तर २.०९४५५१४८१५. सुरुवात २ पासून करायला लावा. उत्तर २.१ आलं तर कोडमध्ये फॅब्सच्या जागी एबीएस (दोन्ही आकड्याचं उणे चिन्ह काढून टाकणारी फंक्शन्स) लिहिलंय का बघा. सीमधलं एबीएस पूर्णांकासाठी आहे, ०.१ चा फरक त्याला शून्य दिसतोय, लूप पहिल्याच फेरीत थांबतो आणि कंपाईल व्यवस्थित होतंय, म्हणून कुणाला संशयपण येत नाही. दुसरं १, ०, −२, २ आणि सुरुवात शून्यापासून. आता तो ०, १, ०, १ असा फिरत बसतो, जास्तीत जास्त फेऱ्यांची मर्यादा घातली नसेल तर प्रोग्राम संपतच नाही, खरं मूळ −१.७६९३ च्या आसपास असूनही. पावसाळ्यात करंट गेला आणि यूपीएस गचकला तरच हा प्रोग्राम थांबेल, बाकी कशानं नाही.

तिसऱ्या घातासाठी कुणी कार्डानोचा फॉर्म्युला लिहून आणला तर त्याचं कौतुक करा आणि मग १, ०, −१५, −४ द्या. मूळ साधं ४ आहे, बाकीची दोन −२ अधिक-वजा रूट ३, सगळी रिअल, तरीपण मध्येच −१२१ चं वर्गमूळ काढायची वेळ येते. बॉम्बेलीनं १५७२ मध्ये याच उदाहरणावर काल्पनिक संख्यांचं गणित मांडलं होतं. कॉम्प्लेक्स (आय असलेल्या) संख्या न वापरता लिहिलेला कोड इथं नॅन देतो. पाचव्या घातालाही फॉर्म्युला टाकलाय असं कोण म्हणालं तर शांतपणे ॲबेल आणि १८२४ साल विचारा, असा सरसकट फॉर्म्युला असूच शकत नाही हे त्यानं तेव्हाच दाखवलंय.

पायथनमध्ये नम्पाय या गणिताच्या लायब्ररीचं रूट्स एका ओळीत बोलावलेलं असेल तर ते चूक नाही, फक्त आत काय चालतंय ते विचारा, कम्पॅनियन मॅट्रिक्सच्या (कोएफिशियंट मांडून केलेल्या मॅट्रिक्सच्या) आयगेन व्हॅल्यू एवढं आलं तरी पुरे. १, −३, ३, −१ टाकून दाखवा, तिन्ही मुळं १ असायला पाहिजेत पण पाचव्या-सहाव्या घरात हलतात आणि आयचं शेपूट लागतं. हा पोराचा दोष नाही, तिहेरी मुळाला डबलच्या सोळा अंकांपैकी एक तृतीयांशच मिळतात. इथं "मूळ परत समीकरणात घालून बघितलं, शून्याजवळ आलं" हा पुरावा चालत नाही, १.००००१ घातलं तरी शून्याजवळच येतंय. मुळांची बेरीज आणि गुणाकार कोएफिशियंटशी जुळतात का ते बघणं बरं, पण ती नुसती जोडीची तपासणी, तेवढ्यावर विसंबू नका.

एकापासून वीसपर्यंत मुळं असलेलं विल्किन्सनचं समीकरण फक्त हुशार पोरांसाठी ठेवा. त्यातला −२१० हा कोएफिशियंट दोनच्या तेविसाव्या घातानं भागलेल्या एकएवढा हलवला की वीसपैकी दहा मुळं कॉम्प्लेक्स होतात. त्यावर मार्क ठेवू नका, गप्पा मारा.

मार्कांचं आदल्या दिवशीच एक्स्टर्नलशी ठरवून घ्या, दशांशाच्या कितव्या घरापर्यंत बरोबर धरायचं, मुळांचा क्रम उलटा आला तर काय, −०.०० छापलं तर काय. एक्स्टर्नल हुबळीकडचे असले तर त्यांना सांगून ठेवा की काही पोरं मराठी मीडियममधनं आलीत, कोणी सहगुणक म्हणेल, कोणी कन्नडात सांगेल, समजलंय एवढं बघू. खानापूरकडनं गाडीनं येणाऱ्या पोरांना दुसऱ्या बॅचमध्ये टाका. एक्स्टर्नलसाठी कुंदा (बेळगावची मिठाई) आणायचं काम ऑफिसवर सोडा, तुम्ही प्रत्येक पोराला कुठली समीकरणं दिली आणि काय आलं ते त्याच्या शीटवरच लिहून सही घ्या, कारण री-चेकला कोण आलं तर तोच कागद दाखवायला लागतोय.